मायाक्काचे चाळीस शेअर

मी, जोतिराम बिरप्पा व्हनमाने, वय बहात्तर, मूळ वस्ती वळसंगजवळची, सध्या राहणार जुळे सोलापूर, पूर्वी चिंचोळी एमआयडीसीतल्या सीनातीर ब्लँकेट्स लिमिटेड या कंपनीच्या शेअर विभागात सत्तावीस वर्षे कारकून आणि आता कुणीच नाही, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, माझा हात कुणी धरलेला नाही, आणि माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करायचे ते खाली लिहिल्याप्रमाणेच व्हावे.

डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. वैजयंती देवकते यांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात वजा करत खाली यायला सांगितले. मग विचारले, "काका, भाऊ किती तुम्हाला?" मी म्हटले, तीन, पण अक्कल मोजायची झाली तर एकही नाही. त्यांनी 'स्मरणशक्ती उत्तम' असे लिहिले.

मसुदा मुळात ॲड. अक्षता मेटकरी यांनी केला होता. दोन पानांचा, टाइप केलेला, गुळगुळीत. तो वाचून मेलेला माणूस कोण होता हे त्याच्या बायकोलाही कळले नसते. मी तो बाजूला ठेवला आणि हाताने लिहायला घेतले. वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रात राग लिहायचा नसतो, मिळकत लिहायची असते." मी म्हटले, बाई, बहात्तर वर्षांत मी जमवलेली सगळ्यात मोठी मिळकत तीच आहे, ती कुठे लिहू? त्यांनी कलमांचे आकडे तेवढे घालून दिले.

कलम १. यापूर्वी मी २०१९ साली एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द समजावे. त्यात सगळे होते, फक्त खालचे कलम सात नव्हते. म्हणजे काहीच नव्हते.

कलम २. माझी माणसे अशी. पत्नी सोजरबाई २०२० साली वारली. एक मुलगी, पूनम, पुण्यात नोकरीला, शहाणी. आईवर गेली असावी. आम्ही चार भाऊ आणि एक बहीण. थोरला मी. माझ्या पाठची मायाक्का, ती अक्कलकोटच्या पलीकडे दिलेली, आता विधवा. तिच्या पाठचे कुंडलिक, बिरुदेव आणि येडू, तिघे वस्तीवर. कुंडलिकाचा मुलगा दिग्विजय. तो मोबाइलवर शेअर बाजाराचे व्हिडिओ बघतो आणि स्वतःला त्यातला जाणकार म्हणवतो. एवढी माणसे या कागदाला पुरेत. बाकीची भावकी तेराव्याला जेवायला येईल, तिचा इथे उल्लेख करून शाई वाया घालवत नाही.

कलम ३. जुळे सोलापुरातले माझे राहते घर, वरची खोली व पुढच्या लिंबाच्या झाडासह, पूनमला द्यावे. हे घर सोजरबाईच्या मंगळसूत्रावर आणि माझ्या पगारावर उभे राहिले. वस्तीवरच्या शेताचा किंवा मेंढरांचा एक पैसा यात नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण गेल्या दिवाळीत कुंडलिक भाऊबंदकीच्या प्रेमाने मला भेटायला आला आणि चहा होईपर्यंत अंगणात येरझारा घालत होता. मी खिडकीतून पाहिले. पठ्ठ्या पावलांनी प्लॉट मोजत होता. कुंडलिका, तुझी बावीस पावले भरली. तुझा पाय आखूड आहे, प्लॉट तेवढा मोठा नाही.

कलम ४. बँकेत माझी तीन लाखांची मुदत ठेव आहे. ती येडूला द्यावी.

हे वाचून पूनमसकट सगळ्यांच्या भुवया वर जातील. माझ्या मते येडू हा तिघांत सर्वांत बिनडोक. दोन वेळा बोअर मारली, दोन्ही वेळा शेजाऱ्याच्या हद्दीत. तरी ही ठेव त्यालाच द्यायची आहे. का, ते कलम सातमध्ये कळेल. बचत खात्यात उरले असेल त्यातून माझे क्रियाकर्म करावे. तेराव्याला गोड करू नये. मी कुणाचे तोंड गोड केलेले नाही, मेल्यावर कशाला सुरुवात करू.

कलम ५. वस्तू. आमच्या वडिलांची, म्हणजे आबांची, मेंढरे कातरायची कातर माझ्याकडे आहे, ती कुंडलिकाला द्यावी. धार लावू नये, त्याच्या हातात धारेची वस्तू शोभत नाही. आबांचे घोंगडे बिरुदेवाला. त्याला कसर लागली आहे, पण बिरुदेव कुठलीच गोष्ट उलगडून बघत नाही, त्यामुळे त्याला ते कळणार नाही. माझा जुना मोबाइल दिग्विजयला. तीन वर्षे तो मला "काका, डीमॅटचा पासवर्ड लिहून ठेवा की कुटंतरी, अडीअडचणीला लागतोय" असे सांगतो आहे. बाळा, त्या मोबाइलात पासवर्ड नाही. तुझे एकोणचाळीस मिस्ड कॉल मात्र आहेत, ते तुझे तुला परत.

निबाचा टाक आणि काळ्या शाईची दौत पूनमने ठेवावी. त्या टाकाने मी सीनातीरच्या शेअर सर्टिफिकेटांवर हजारो नावे लिहिली. धनगराचे पोर लिहिते आणि मारवाडी, लिंगायत, पद्मशाली शेठ त्याखाली सही करतात, याचा मला केवढा ताठा होता! आबा एकदा ऑफिसात आले, मी लिहिलेले नाव बघितले. वाचता येत नव्हते. म्हणाले, "बोकडाच्या शिंगावानी वळीव हाय की रं अक्षर." नोकरीत याहून मोठी शाबासकी मला मिळाली नाही.

कलम ६. आता शेअर. हे नीट वाचावे. कुंडलिकाने दोनदा वाचावे.

१९८६ साली सीनातीर कंपनी निघाली तेव्हा शेठकडे यंत्रे होती आणि लोकर विकत घ्यायला पैसा नव्हता. त्याने वस्त्यांवर फिरून धनगरांना सांगितले, निम्मे रोख घ्या, निम्म्याचे शेअर घ्या, कंपनी तुमचीच आहे. बाकीचे हसले. आबांनी घेतले, कारण मी त्याच कंपनीत चिकटलो होतो आणि आबांना वाटले मी मालकच झालो. तीन हंगाम लोकर गेली आणि आबांच्या नावे दोन हजार शेअर झाले.

यात मायाक्काची लोकरही होती. आमच्या घरात मुलगी झाली की बारशाला तिच्या नावाने एक मादी कोकरू सोडतात. त्याची पिल्ले तिची, पिल्लांची पिल्लेही तिची. मायाक्का चौथीतून शाळा सोडून मेंढरांमागे गेली, कारण मला सोलापूरला वसतिगृहात शिकायचे होते आणि मेंढरांमागे कुणीतरी हवे होते. लग्नापर्यंत तिची चाळीस झाली होती. सासरी चराई नव्हती म्हणून ती मेंढरे आबांच्याच कळपात राहिली. १९९१ साली आबा ऑफिसात आले आणि म्हणाले, "पोरीची चाळीस मेंढरं हायती ह्यात, तिचं चाळीस शेअर तिच्या नावावर कर." मी केले. कळप तीनशेचा होता. खऱ्या हिशेबाने तिचे अडीचशेच्या वर निघत होते. आबांना हिशेब येत नव्हता. मला येत होता. मी गप्प बसलो. ही सुरुवात.

उरले एकोणीसशे साठ. आबा २०१४ साली गेले. दोन वर्षे त्या कागदांकडे कुणी बघितले नाही. मग कुंडलिकाला स्वप्न पडले की मी ते गिळतोय. झाले. वाटणी मागितली. मी म्हटले, अरे, एका नावावर राहू दे, लाभांश चौघांत वाटू. तर म्हणे, "येका नावावर म्हंजे तुज्या नावावर की? लई शाना झालायस." मग मेंढरे वाटायच्या रीतीनेच शेअर वाटले. रीत अशी, की वाघरीच्या, म्हणजे जाळ्याच्या कुंपणाच्या, तोंडातून एकेक मेंढरू बाहेर सोडायचे, पहिले थोरल्याचे, दुसरे पुढच्याचे, असे फिरत जायचे. निवडायचे नाही आणि एकदा रंगाची खूण पडली की वाटलेली मेंढरे पुन्हा एका वाघरीत घालायची नाहीत. घातली तर रोग येतो म्हणतात. चौघांच्या वाट्याला चारशे नव्वद, चारशे नव्वद आले. अगदी समान. सगळ्यांना इतके समाधान वाटले की येडूने त्या दिवशी बोकड कापला.

पुढच्याच वर्षी, २०१७ साली, शेठच्या पोरांनी कंपनी नोव्हारा होमस्पेस नावाच्या मुंबईच्या कंपनीत विलीन करायला काढली. बापाने दारोदार फिरून उभी केलेली कंपनी पोरांनी वातानुकूलित खोलीत बसून विकली. इथल्या एका हॉटेलात भागधारकांची सभा झाली. नोव्हाराचा एक पोरगेला साहेब आला. उंटावरून शेळ्या हाकणारा तो माणूस, त्याने शेळी उंटावरूनही पाहिलेली नव्हती. दीड तास तो बोलला. जेवणाचे ताट आणि एक टॉवेल मिळाला. लोकांनी टॉवेल बघून हात वर केले. बिरुदेवाने दोन टॉवेल मिळतात का विचारले.

योजनेचे एकशे बेचाळीस पानांचे इंग्रजी पुस्तक घरोघरी रजिस्टर पोस्टाने आले. कुंडलिकाच्या घरी ते फडताळात डब्यांखाली अंथरले. मी वाचले, कारण तसली पुस्तके वाचण्यात माझे आयुष्य गेले. पान एकतीस. रेकॉर्ड डेटला, म्हणजे कंपनीच्या वहीत ज्या दिवशी ज्याच्या नावे जेवढे असतील तेवढेच खरे धरायचे त्या दिवशी, ज्याच्या नावे पाचशे किंवा जास्त शेअर असतील त्याला सीनातीरच्या पाच शेअरमागे नोव्हाराचे दोन. ज्याच्या नावे पाचशेपेक्षा कमी, त्याला शेअर नाही. त्याला एका शेअरमागे अडतीस रुपये रोख आणि रामराम. लहान माणसे झाडून काढायची होती, वाडगे झाडून लेंड्या काढतात तशी.

चारशे नव्वद. चौघेही दहा-दहाने कमी.

मी लगेच वस्तीवर गेलो. मायाक्काला फोन केला होता, तीही एसटीने आली. रेकॉर्ड डेटला पाच आठवडे होते. मी अंगणात बसून समजावले. दोघादोघांचे एकत्र करा, नाहीतर सगळे एकावर करा, कुणाच्याही नावावर करा, माझ्या नको. चौघांचे मिळून नोव्हाराचे सातशे चौऱ्याऐंशी येतात.

कुंडलिक म्हणाला, "वाटल्यालं परत येका वाघरीत घालायचं न्हाय. आबानं सांगितलंया."

मी म्हटले, ही मेंढरे नव्हेत रे, कागद आहेत.

बिरुदेव म्हणाला, "चारशेनव्वद काय आन् पाचशे काय. दहानं काय हुतंय?"

दिग्विजय तेव्हा बारावीला दुसऱ्यांदा बसत होता. तो म्हणाला, "मर्जर म्हंजे कंपनी बुडाली, काका. जे मिळतंय ते घ्या आन् सुटा." आणि येडू हसला. सगळ्यांसमोर, तोंडावर हात ठेवून. "अण्णाला पेन्शनीत करमंना झालंय," म्हणाला.

तेव्हा मायाक्का उठली. प्लास्टिकच्या पिशवीतून तिचे सर्टिफिकेट काढले आणि मधोमध ठेवले. "माजं चाळीस हायती न्हवं? दहा-दहा वाटून घ्या. चौगांचं बी पाचशे हुत्यात. मला काय करायचं त्याचं?"

मला वाटले, सुटलो. आणि कुंडलिक उभा राहिला, धोतराचा सोगा झटकून. "भनीला सोडल्यालं मेंढरू परत घ्याला आमी काय भिकारी हाय का? उचल त्ये."

व्वा! स्वाभिमान! पाच इयत्ता शिकला नाही पण स्वाभिमान बघा. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे राहिले. रेकॉर्ड डेट गेली, प्रत्येकाला अठरा हजार सहाशे वीस रुपयांचा चेक आला. कुंडलिकाने त्याची शेळ्यांसाठी शेड घातली, ती पहिल्याच वादळात उडाली. नोव्हाराचा शेअर मात्र वर गेला, वर गेला, एकाला एक बोनस दिला, आणि आज तो सव्वातीन हजारांच्या आसपास आहे. सगळे एका नावावर असते तर पन्नास लाखांच्या वर झाले असते. हे दिग्विजयने मोबाइलवर काढून बापाला दाखवले. त्या दिवशी कुंडलिक जेवला नाही म्हणतात.

आणि मग त्याने दोष कुणाला दिला? स्वतःला? छे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. गावभर सांगत सुटला, "भनीच्या चाळीसानं आमाला बुडिवलं. ती चाळीस आबानं तिला दिली नसती तर दोन हजाराचं चार वाटं पाचशे-पाचशे झालं असतं." हिशेब बरोबर आहे. जन्मात एकदा त्याचा हिशेब बरोबर आला आणि तोही यासाठी वापरला. बिरुदेवाच्या पोरीच्या लग्नात मायाक्काला बोलावले नाही. येडूच्या पोराच्या लग्नात बोलावले, पण आत्याच्या मानाची साडी चुलत बहिणीला दिली. मायाक्का मांडवाच्या खांबाशी उभी होती. अक्षता टाकून, न जेवता एसटीने परत गेली. मी त्या पंगतीत होतो. मी जिलेबी खाल्ली.

या तिघा भावांना मी पान एकतीसची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून ठेवली आहे. प्रत्येकी एक. अगदी समान वाटणी आहे, भांडण होऊ नये.

कलम ७. माझ्या डीमॅट खात्यात नोव्हारा होमस्पेसचे चारशे शेअर आहेत. आजच्या भावाने तेरा लाख.

आता वाचणाऱ्याने थांबावे आणि विचारावे, की म्हाताऱ्या, तुझेही चारशे नव्वदच होते ना? तुलाही चेक यायला हवा होता. मग हे चारशे आले कुठून?

त्या दिवशी मायाक्काला सोडायला मी वळसंगच्या स्टँडवर गेलो. तिने तिथे बाकड्यावर बसून चार फॉर्मवर सह्या केल्या, एकेका भावाच्या नावे दहा-दहा शेअरचा एकेक फॉर्म. एका सहीला तिला मिनिटभर लागते, जीभ दाताखाली धरून लिहिते. सर्टिफिकेट आणि चारही फॉर्म माझ्या हातात दिले. म्हणाली, "अण्णा, त्यास्नी राग आलाय, आज न्हाय ऐकायचे. डोस्की थंड झाली की सह्या घे त्यांच्या. चौगांचं बी कर." मी हो म्हटले. गाडी आली, ती गेली.

मी पुन्हा वस्तीवर गेलो नाही. पाच आठवडे घरात बसलो. फॉर्म टेबलाच्या खणात होते. मला तो हसणारा येडू दिसत होता. धोतर झटकणारा कुंडलिक दिसत होता. मला वाटले, बुडू देत. अक्कल नसलेल्याला शिक्षा झालीच पाहिजे, त्याशिवाय जोतिराम कोण हे यांना कळायचे नाही.

रेकॉर्ड डेटला आठ दिवस राहिले असताना येडू आला. मोटारसायकलवर, एकटा, ऊन डोक्यावर असताना. दारातूनच म्हणाला, "अण्णा, कुंडलिकदादाला सांगू नगं. मला काय कळत न्हाय त्यातलं. पर तू म्हंतोस म्हंजे आसंल. ताईचं दहा मी घेतो, हितं सही करतो. आन् बिरुदेवदादाला बी आनतो उद्या." फॉर्म त्याच्यापासून चार हातांवर होता. मी म्हटले, "उशीर केलास. तारीख गेली."

तो म्हणाला, "मंग जाऊ दे की." पाणी प्यायला, भांडे उपडे घातले आणि गेला. तिघांत बिनडोक म्हणून मी ज्याला वर लिहिले, तो तेवढाच एक माझ्यावर विश्वास ठेवून आला होता. म्हणून कलम चारची ठेव त्याची. ती त्याच्या नुकसानीपुढे काहीच नाही, हे मला माहीत आहे.

शेवटच्या दिवशी मी चिंचोळीला गेलो. खिडकीवर शिवपुत्र हत्तुरे होता, माझ्याच हाताखाली तयार झालेला. मी सर्टिफिकेट आणि माझ्या नावाचा फॉर्म आत सरकवला. त्याने वर बघितले. "साहेब, एकच?" मी म्हटले, "एकच." बाकीचे तीन मी परतीच्या वाटेवर फाडले.

माझे पाचशे झाले. नोव्हाराचे दोनशे आले, बोनसने चारशे झाले. भावांना मी सांगितले की मलाही चेकच आला; दिग्विजयला तेवढा डीमॅटचा वास लागला असावा. त्यांच्याबरोबर बसून नोव्हाराला शिव्याही घातल्या. कुंडलिक मायाक्काचे नाव घेऊन बोंबलायचा तेव्हा मी मान हलवायचो. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ वर सहा कलमांत दाखवले. हे माझे मुसळ.

मायाक्काला पहिल्यापासून माहीत होते. तिच्या उरलेल्या तीस शेअरचे नवे सर्टिफिकेट तिच्या घरी पोस्टाने गेले. चाळीसातून दहाच गेले हे समजायला शाळा लागत नाही. पुढे त्या तीसचे अकराशे चाळीस रुपये आले. ती मला भेटायला आली, शेंगाची चटणी घेऊन. मी काहीतरी कारण सांगायला लागलो. तिने हात वर केला. "साकु बिडण्णा," म्हणाली. तिकडे राहून ती निम्मी कानडी बोलते. पुरे, सोड. आणि म्हणाली, "तुजं तरी वाचलं न्हवं?"

आठ वर्षे भावांनी तिला गावासमोर नागवले. तिने एकदाही तोंड उघडून सांगितले नाही की मी चौघांसाठी दिले होते, अण्णाने एकट्याने खाल्ले. एक शब्द बोलली असती तर मान तिला मिळाला असता आणि जोडे मला. मी सगळ्या जगाला मूर्ख म्हणत बसलो आणि हिशेब असा निघाला, की आमच्या घरात माणूस एकच होते आणि त्याला आम्ही चौथीतून काढले.

तरी हे चारशेच्या चारशे शेअर, त्यांवरचा लाभांश, पुढे मिळेल तो बोनस, आणि नोव्हारा उद्या आणखी कुठल्या मोठ्या माशाच्या पोटात गेली तर बदल्यात जे मिळेल ते, सगळे माझी बहीण मायाक्का हिला द्यावे. तुकडे करू नयेत. डीमॅटमध्ये नॉमिनी म्हणूनही तिचेच नाव घातले आहे. कुणी म्हणेल, तिचे दहाच होते, चारशे नव्वद तुझे होते. ते दहा नसते तर माझे चारशे नव्वद म्हणजे अठरा हजारांचा चेक होता आणि उडालेली एक शेड. बहिणीच्या मेंढरांची पिल्ले बहिणीची, ही आमच्या घरची रीत आहे. रीत मोडायची नाही, आबांनी सांगितलंया.

कलम ८. माझ्या तेराव्याला वस्तीवरच्या बिरोबाच्या देवळापुढे सगळे जमतील तेव्हा कलम सहा आणि सात मोठ्याने वाचावे. वाचायचे काम दिग्विजयने करावे. जत्रेत माइकवर तोच ओरडतो, आवाज दमदार आहे, एवढा एक गुण मी मान्य करतो. मायाक्काला पुढे बसवावे. वाचून झाल्यावर तिघांनी आत्याच्या मानाच्या राहिलेल्या दोन साड्या तिच्या ओटीत घालाव्यात. भाऊ म्हणून तिसरी साडी मी घ्यायला हवी होती, ती पूनमने माझ्या वतीने घ्यावी. मग ज्याला माझ्या नावाने बोंब मारायची आहे त्याने मारावी. माझी हरकत नाही. मी असेन तिथे ऐकू येईल इतपत मारावी.

येडूने बोंब न मारता घरी गेले तरी चालेल. तो तसाच जाईल, मला माहीत आहे.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पूनमने करावी. मायाक्का शेअर घ्यायला नाही म्हणेल, "साकु" म्हणेल. ऐकू नये. तिने ते भावांना देऊ केले तर कुंडलिकाला आठवण द्यावी, की भनीला सोडल्यालं परत घ्यायला तो भिकारी नाही. एवढी एक वेळ त्याचा स्वाभिमान कुणाच्या तरी उपयोगी पडू दे.

मायाक्काला यातले मी काही बोललेलो नाही. समोर बसून सांगायची हिंमत झाली नाही. काल तिचा फोन आला होता, गोळ्या घेतल्यास का विचारायला. मी घेतल्या म्हणालो. तेवढे तरी खरे सांगितले.

२०१७ च्या त्या फॉर्मवर मायाक्काने देणार म्हणून सही केली होती आणि तिच्याखाली मी घेणार म्हणून. आज त्याच टाकाने, त्याच शाईने, देणार म्हणून पहिल्यांदा सही करतो आहे. अक्षर वळणदार आलेले नाही. आबा असते तर त्यांनी ओळखले नसते.

लिहून देणार
(सही) जोतिराम बिरप्पा व्हनमाने

वरील सही जोतिराम व्हनमाने यांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत केली, आणि आम्ही एकमेकांच्या व त्यांच्या समोर खाली सह्या केल्या. या कागदातून आम्हाला काहीही मिळणार नाही.

साक्षीदार
१. (सही) डॉ. वैजयंती देवकते, जुळे सोलापूर
२. (सही) शिवपुत्र मल्लिकार्जुन हत्तुरे, निवृत्त, सीनातीर ब्लँकेट्स लि. तो एकच फॉर्म मीच घेतला होता. खरे आहे.

स्थळ : सोलापूर
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५